लेकीच्या बाऱ्या

बैलगाड्याच्या घाटात आपण पळणार आहोत, असं माझ्या लेकीनं जेवताना सांगितलं, तेव्हा तिच्या आईनं हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली. मला वाटलं, आता ही ताटावरून उठतेय की काय. उठली नाही. "अजून कोण कोण पळणार आहे?" एवढंच तिनं विचारलं. तो आवाज ऐकून मी मुकाट्यानं वरणाची वाटी पुढं ओढली. इतक्या वर्षांच्या संसारात मी दुसरं काही शिकलो नसेन, पण हा आवाज ओळखायला शिकलोय.

चाकणच्या आसपासच्या गावांत घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या नव्हेत, आणि डोंगरातला वळणाचा रस्ताही नव्हे. गावाबाहेर चढावर आखलेली मातीची सरळ पट्टी, तिला घाट म्हणतात. जत्रेत तिच्यावरून बैलगाडे पळतात. खालच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेपासून सुटायचं, वरच्या निशाणापर्यंत जायचं, ज्याला सेकंद कमी लागले तो जिंकला. गाड्याच्या अशा एका धावेला बारी म्हणायचं. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या, आता पुन्हा धडाक्यात सुरू झाल्यात. जत्रा संपली की मात्र घाट रिकामा पडतो आणि शेळ्यांच्या ताब्यात जातो.

लेक चाकणला एका कंपनीत डिझाइनमध्ये आहे. गरीब घरच्या मुलांची हृदयाची ऑपरेशनं करून देणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी त्यांच्या कंपनीतली आणि आजूबाजूच्या कंपन्यांतली माणसं दरवर्षी काहीतरी पळापळ करून मदत गोळा करतात. एरवी रस्त्यावरच पळायचे. यंदा कोणीतरी काढलं की सकाळपासून दुपारपर्यंत एकच चढ पुन्हा पुन्हा चढायचा, आणि जितक्यांदा चढाल त्या मानानं तुमच्या नातेवाइकांनी, मित्रांनी संस्थेला पैसे द्यायचे. चढ कुठला, यावर बरंच डोकं खाजवून झालं. शेवटी त्यांच्यातला एक जण, तिथल्याच गावचा, म्हणाला, "आमचा घाट घ्या की राव, मोकळाच पडलाय."

खरं सांगतो, मला असल्या प्रकारांचं कौतुक नव्हतं. रविवारी सकाळी रंगीत बनियन घालून रस्ता अडवायचा, स्पीकरवर नाचायचं, वर केळं खाऊन फोटो काढायचे, आणि ह्याला समाजसेवा म्हणायचं. माझी स्कूटर मोशीच्या चौकात अशा लोकांनी दोनदा अडवून ठेवली होती. तेव्हा मी त्यांना जे म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण ह्या बाबतीत आमचं तोंड बांधलेलं होतं. लेकीला जन्मापासून काळजाला भोक होतं, शिवाय फुप्फुसाकडं रक्त नेणारी वाट अरुंद. रडली की ओठ निळे पडायचे. आम्ही परभणीकडून नुकतेच आलेलो, मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये हेल्पर. सहा वर्षांची झाली तेव्हा ऑपरेशन झालं, आणि ते अशाच एका संस्थेमुळं झालं. संस्थेला कोणी दिलं, काय करून दिलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. कोणाचे आभार मानायचे हेच माहीत नसेल तर माणूस फार वर्षं अवघडलेला राहतो.

ऑपरेशननंतर पोरगी बरी झाली. दरवर्षी तपासणी, दरवर्षी डॉक्टरांचा तोच शब्द, उत्तम. मागच्या दोन-तीन वेळा तर त्यांनी तिला दवाखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावर पळवून बघितलं आणि सांगितलं, खुशाल व्यायाम करू दे. मी आता एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात आहे, तिथं पीस एकदा मापाच्या गेजमध्ये बसला की पास. पास झालेला पीस कोणी रोज उचलून बघत बसत नाही. आमच्या घरात मात्र तो रोज तपासला जायचा. चिखलीला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद असली की बायको लेकीच्या पुढं एक पायरी चढायची आणि प्रत्येक मजल्यावर वळून तिच्या ओठांकडं बघायची. पट्ट्यावर पळाली ते तिला पटलं नव्हतं. "तिथं डॉक्टर बाजूला उभे होते," म्हणाली.

शाळेत पीटीच्या तासाला पोरगी वर्गात बसायची. सोसायटीत पोरं खेळायची तेव्हा ही पंच. ह्या सगळ्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. पण गेलं वर्षभर ती शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या मागच्या मैदानात पळत होती. हे मला माहीत होतं, तिच्या आईला नव्हतं. त्या दिवशी जेवताना तेही बाहेर आलं आणि लेकीपेक्षा जास्त बोलणी मी खाल्ली.

"मला फक्त घाट बंद होईपर्यंत पळायचंय," लेक म्हणाली. "बाकीच्यांबरोबर. एकदा तरी शेवटपर्यंत."

तिसऱ्या दिवशी बायकोनं निकाल दिला. "मी येणार. आणि मी पुरे म्हणाले की पुरे. त्याच्यापुढं एक पाऊल नाही. कबूल?"

"कबूल," लेक म्हणाली. ती शब्दाची पक्की आहे, त्यामुळं मला धडकीच भरली. बायको पहिल्या चढालाच पुरे म्हणणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

थंडीचे दिवस होते. आम्ही पोचलो तेव्हा घाटावर उन्हाची नुसती कड आली होती. गावानं घाट फुकट दिला होता, पण एक अट घालून. घाट आमचा, तर पुकाराही आमचा. म्हणजे जत्रेत बैलगाड्यांचा पुकारा करणारा त्यांचा नेहमीचा माणूस माइक घेऊन हजर होता. पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, आवाज असा की कानाशी हात न्यावा. आता ह्या माणसाची सगळी वाक्यं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी बनलेली. मंडळी रेघेवर उभी राहिली, आणि त्यानं सुरू केलं, "झाली झाली झाली... सुटली... भिर्रर्र!"

भिर्रर्र म्हणेपर्यंत बैल वर गेलेले असतात. इथं त्याचा श्वास संपला तरी आमच्या लोकांनी पाव घाटसुद्धा ओलांडला नव्हता. त्यानं पुन्हा दम भरून भिर्रर्र केलं. तिसऱ्या खेपेला त्याला ठसका लागला. पाणी प्यायला आणि माइकवरच म्हणाला, "निवांत येऊ द्या मंडळी. आपल्याला बी काय गडबड न्हाई."

खरी गंमत वर निशाणापाशी झाली. बायकोला लेकीच्या जवळ राहायचं होतं म्हणून आम्ही दोघं आधीच कडेकडेनं वर जाऊन उभे होतो. तिथं गावातले दहा-बारा दणकट गडी हात पसरून उभे. बैल निशाण ओलांडून तसेच सुसाट पुढं जातात, त्यांना धरायला माणसं लागतात, आणि ही त्या कामातली मुरलेली माणसं. आज बैल नाहीत हे त्यांना माहीत होतं. धरायचं नाही हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. माणहून आलेला आयटीतला एक गृहस्थ धापा टाकत वर आला, तर दोघांनी त्याला दोन्हीकडून धरला. तो "सोडा, सोडा" म्हणतोय आणि हे त्याला चुचकारतायत.

लेक बरीच मागून आली. तिला एका आजोबांनी धरली. त्यांच्या बैलांनी कधीकाळी पंचक्रोशी गाजवलेली, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, हाताला धरून लिंबाच्या सावलीत नेली आणि दगडावर बसवली. बारी झाली की बैलाला सावलीला न्यायचं आणि अंगावर झूल टाकायची, हा त्यांचा शिरस्ता.

"बस पोरी. झाली तुझी बारी," आजोबा म्हणाले.

"आजोबा, मला परत पळायचंय."

"परत? आजच?" आजोबांचा विश्वास बसेना. "आमी जनावराला बी एका दिसात परत जुपत न्हाई. तू तर पोर हायस."

हे ऐकून बायको त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिली. मला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघा! ह्यांना कळतं. तुम्हाला कळत नाही."

"आई, मी काय बैल आहे का?" घोंगडीतून लेक म्हणाली.

"बैल असतीस तर ऐकलं तरी असतंस."

मी हसलो, आणि दोघींनी माझ्याकडं एकाच नजरेनं बघितलं. मग लेकीनं आजोबांना सगळं सांगितलं. लहानपणी काळजाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी आता पळायची मोकळीक दिलीय, आणि ही सगळी माणसं तसल्याच पोरांसाठी चढतायत. इथं पहिला-दुसरा कोणी नाही, बक्षीस नाही. आजोबांनी घोंगडी काढून घेतली आणि नीट घडी घातली. "डॉक्टर म्हणत असंल तर जा," म्हणाले. "पर दमानं. चढताना बोलायचं न्हाई, तोंड मिटून चढायचं."

बायकोचा एकुलता एक साथीदार असा फितूर झाला. तिनं लेकीच्या ओठांकडं निरखून बघितलं. पुरे म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. लेक खाली उतरली, आणि तिच्या मागोमाग आम्हीही.

पुढच्या बारीला बायको स्वतःच घाटात उतरली. मागून चालून तोंड दिसत नाही, म्हणून ती लेकीच्या पुढं झाली. चपला काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला, आणि निम्मी पुढं बघत, निम्मी मागं बघत चढायला लागली. दर चार पावलांना वळून लेकीच्या तोंडाकडं बघायची. पुकारणाऱ्याला तोवर आजोबांकडून आमची सगळी हकिकत समजली होती. त्याला एकदाचा त्याच्या कामाचा विषय मिळाला. बैलगाड्याच्या पुढं घोडीवरचा स्वार पळतो, घोडी बघून बैल सरळ रेषेत पळतात. "बघा मंडळी," त्यानं आवाज चढवला, "चिखलीच्या पोरीची दुसरी बारी! घोडीबिगर गाडा न्हाई आन् आईबिगर पोर न्हाई! पुढं आई हाय, बघा!" दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. आपल्याला काय म्हटलं गेलं, हे बायकोनं नंतर मला विचारलं. मी तिला ते आजतागायत नीट समजावून सांगितलेलं नाही. जिवाची काळजी मलाही आहे.

दोन बाऱ्या ती अशी लेकीच्या पुढं चढली. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि ती खालच्या मांडवात येऊन बसली. तिथून निम्मा घाट दिसायचा. मी तिच्या शेजारी, मांडीवर तिच्या चपला.

ऊन चढलं. आता त्या घाटात मी जे बघितलं त्याबद्दल मला मोकळेपणानं सांगू द्या. रंगीत बनियनवाली तीच माणसं होती. एक जाडजूड अकाउंट्सवाले साहेब शेवटच्या टप्प्याला दोन्ही हात जमिनीला टेकवून चढत होते आणि कोणी बघतंय याची त्यांना लाज नव्हती. रात्रपाळी करून थेट आलेले दोघं भाऊ होते, वेल्डर, डोळे लाल, पण पाय थांबत नव्हते. आजूबाजूला ना नाच ना गाणी, चढून चढून नाचायचं बळच कोणात राहिलं नव्हतं. आणि ही माणसं ज्या पोरांसाठी चढत होती ती पोरं त्यांच्या ना नात्यातली ना ओळखीची. आमच्या पोरीच्या वेळीही असंच कोणीतरी कुठंतरी घाम गाळला असेल. इतकी वर्षं मला ज्यांना बघायचं होतं ती माणसं साधारण अशीच दिसत असणार, असं मनात आलं. मी टोपी डोळ्यांवर ओढली.

लेक सगळ्यांच्या मागं होती. ज्याला त्याला वाट देत होती. पण वर जाऊन परत येत होती, आणि परत जात होती. पळणं कमी, चालणं जास्त झालं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी दोनदा सांगितलं, "ती आमची."

मांडवात संस्थेनं ऑपरेशनसाठी थांबलेल्या काही मुलांच्या घरच्यांना आणलं होतं. आमच्या पुढ्यातच एक तरुण बाई बसली होती, मांडीवर तीनेक वर्षांचा मुलगा. किरकोळ अंगाचा, दमलेला, आणि ओठ निळसर. माझ्याही आधी बायकोला ते दिसलं. ती सरकत सरकत तिच्याजवळ गेली. बाई हिंगोलीकडची निघाली, नवरा चाकणला फोर्कलिफ्ट चालवतो. गाववाली भेटल्यावर बायकोची भाषाही झटक्यात परभणीला पोचली.

"तारीख भेटली का लेकराला?" तिनं विचारलं.

"भेटली. पुढल्या आठवड्यात या म्हणू लागलेत." बाईनं पोराच्या कपाळावरचे केस मागं सारले. "ह्यांची तयारी हाय. माझीच नाही. लई भ्या वाटू लागलंय, ताई. छाती उघडून पुन्हा शिवायची म्हणजे... त्यापरीस हाय तसं राहू द्यावं वाटतंय. जपीन मी. पळू देणार नाही, रडू देणार नाही."

एरवी सोसायटीत कोणाला सर्दी झाली तरी बायकोकडं चार उपाय तयार असतात. आज तिनं पोराचा पाय हातात घेतला आणि नुसता धरून बसली.

तेवढ्यात घाटात लेक खाली येताना दिसली. मध्येच थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली, मग पुन्हा उतरायला लागली. तोंड लालबुंद झालं होतं. घाट बंद व्हायला अजून थोडा वेळ होता. एक बारी सहज बसली असती.

"बास," बायको म्हणाली. "आता पुरे. आता मी तिला थांबवणार." आणि उठून उभी राहिली.

लेकीनं शब्द दिलेला होता. लेक रेघेपाशी आली आणि तिथूनच तिनं आईकडं बघितलं. आई उभी आहे म्हणजे काय, हे तिला कळलं असावं, कारण तिनं वर जायला पाऊल उचललं नाही. नुसती उभी राहिली. बाकीचे तिच्या बाजूनं एकेक करून वर निघाले होते.

बायकोनं मांडवाबाहेर पाऊल टाकलं, तर त्या बाईनं तिचा पदर धरला.

"ताई, ती तुमची पोरगी? तिचंबी झालतं का हे?"

"झालंय. सहा वर्षांची होती."

"मग आता पळती का ती? का नुसती चालती?"

बायको तशीच उभी राहिली. त्या बाईकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या पोराकडं बघितलं, मग रेघेकडं. इतक्या लांबून ओठ दिसत नव्हते.

"पळती," ती म्हणाली. आणि मग तोंडाशी हात नेऊन तिनं अशी हाक मारली की माइकवाल्यानंही मान वळवली, "अगं, उभी काय राहिलीस? पळ! चालायचं नाही, पळ! ह्या बाईला बघू दे!"

लेक क्षणभर आमच्याकडं बघतच राहिली. मग वळली आणि पळत सुटली. ती बाई पोराला कडेवर घेऊन मांडवाच्या कडेला आली आणि बघत राहिली. बायकोनं माझा दंड धरला होता. लेक वर वर जात होती आणि हिची नखं माझ्या दंडात रुतत होती, पण पुरे हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही.